फरशीसाठी झाडू आहेच, व्हॅक्यूम क्लीनर बाकीच्या घरासाठी घ्या

दुकानातला डेमो ठरलेला असतो. गुळगुळीत टाइलवर मूठभर तांदूळ, थोडे कागदाचे कपटे, वरून मशीन फिरवलं की टाइल चकाचक. पण व्हिट्रिफाइड टाइलवरचे तांदूळ कुंच्यानेही एका फटक्यात निघतात. बघायचंच असेल तर तेच मशीन सोफ्याची बैठक आणि पाठ यांच्या मधल्या खाचेत, गादीच्या शिवणीवर, सरकत्या खिडकीच्या चॅनेलमध्ये फिरवायला सांगा. आपल्या घरात व्हॅक्यूम क्लीनरचं खरं काम तिथे आहे. फरशीचा केर रोज निघतो, वर ओलं फडकंही फिरतं. गादीवर फडकं कोण फिरवतं?

म्हणून मॉडेल शोधण्याआधी घरातून एक फेरी मारा आणि जिथे झाडूही पोचत नाही आणि फडकंही चालत नाही अशा जागा लिहून काढा. बहुतेक घरांत यादी अशी निघते: गाद्या, सोफा, पडद्यांच्या वरच्या चुण्या, एसीची जाळी, पुस्तकांच्या रांगांचे माथे, कपाटामागची फट, छताच्या कोपऱ्यातली जळमटं, आणि गाडी असेल तर तिच्या सीटखालचं अंग. यातलं जवळजवळ सगळं जमिनीच्या वर आहे. म्हणजे लांब, हलकी नळी आणि नेमकी तोंडं असलेलं मशीन हवं. फरशीचा ब्रश किती रुंद आहे हा प्रश्न शेवटी आला तरी चालेल. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असलेल्या परदेशातल्या घरांचं गणित उलटं असतं. तिथे मोटारवर फिरणारा रोलर ब्रश लागतोच, आणि तिथली परीक्षणं त्याच निकषावर लिहिलेली असतात. ती वाचून इथे खरेदी करू नये.

आता वॅट. खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा हाच, आणि सगळ्यात कमी उपयोगाचाही हाच. १६०० वॅट म्हणजे मशीन किती वीज खातं ते. धूळ किती ओढतं ते नव्हे. युरोपियन युनियनने सप्टेंबर २०१४ पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला १६०० वॅटची कमाल मर्यादा घातली आणि सप्टेंबर २०१७ पासून ती ९०० वर आणली. तरी तिथले गालिचे साफ होतातच, कारण मशीनच्या आतल्या पंख्याची रचना, नळीतली गळती आणि तोंडाचा आकार यांत बरीच शक्ती वाया जाते आणि तिथेच वाचवताही येते.

ओढ मोजायला दोन आकडे लागतात. एक दाबाचा, किलोपास्कलमध्ये. दुसरा हवेच्या प्रवाहाचा, लिटर प्रतिसेकंदात. गोम अशी की खोक्यावर दोन्ही आकडे आपापल्या सर्वोत्तम क्षणाचे छापतात. दाब सर्वांत जास्त असतो तो नळीचं तोंड हाताने पूर्ण बंद केल्यावर, तेव्हा हवा वाहतच नाही. प्रवाह सर्वांत जास्त असतो तो नळी मोकळी असताना, तेव्हा दाब नसतो. समजा २० किलोपास्कल आणि ३६ लिटर लिहिलंय. गुणाकार ७२० येतो, पण प्रत्यक्ष काम करताना दोन्ही साधारण निम्म्यावर असतात, म्हणजे हाती लागतात त्याच्या चौथाई, १८० एअरवॅटच्या (ओढीच्या प्रत्यक्ष ताकदीचं माप) आसपास. घरच्या गाद्या-सोफ्यांना तेवढे पुष्कळ झाले. फक्त दाबाचा आकडा देऊन प्रवाहावर गप्प बसणारं माहितीपत्रक असेल तर जरा सावध व्हा.

प्रकारांकडे येऊ. घरात एकच मशीन ठेवायचं असेल तर मी नळीवालं, मागे ओढायचं, पिशवीचं कोरडं मशीन सुचवेन. सध्या फॅशन पारदर्शक डब्याची आहे. डब्यात फिरणारी धूळ बघायला मजा येते आणि पिशव्यांचा खर्च वाचतो, हे दोन्ही खरं. पण डबा रिकामा करताना धुळीचा ढग पुन्हा तोंडावर येतो. घरात दमा किंवा सर्दीची ॲलर्जी असलेलं माणूस असेल तर गादीतून काढलेली धूळ त्यालाच परत केल्यासारखं होतं. पिशवीचं तोंड चिमटीत धरून सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकता येते. त्यातही कागदाची घेण्यापेक्षा न विणलेल्या कापडाची, थरांची पिशवी घ्यावी; कागद लवकर चोंदतो आणि दमट हवेत फाटतो. धुवून वापरायची कापडी पिशवी मशीनसोबत फुकट मिळते. ती झटकताना होणारी धूळ पाहिली की फुकट का मिळते ते कळतं.

वेट अँड ड्राय, म्हणजे पिंपासारखं मशीन, पाणीही ओढतं. पावसाळ्यात गॅलरीतून आत येणारं पाणी, वॉशिंग मशीनचा सुटलेला पाइप किंवा घरीच सोफा शाम्पू करणं, यांपैकी काही वर्षातून चार-पाच वेळा घडत असेल तरच याचा विचार करा. एरवी ते अवजड आणि आवाजाला जास्त असतं. त्याच्या आतली रचना वेगळी आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. साध्या कोरड्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटारवरून जाते आणि तिला थंड ठेवते, म्हणून त्यात कपभर पाणी गेलं तरी मोटार जाऊ शकते. वेट अँड ड्रायमध्ये मोटारला थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते, आणि पिंप भरत आलं की आतला तरंगता गोळा वर येऊन वाट बंद करतो; तेव्हा आवाज एकदम चिरका होतो. लगेच बंद करायचं. पाणी ओढण्याआधी पिशवी आणि कागदी फिल्टर काढायचे, स्पंजची बाही चढवायची. शाम्पूचा फेस मात्र त्या गोळ्याला चकवतो. फेसाने गोळा उचलला जात नाही आणि फेस मोटारपर्यंत पोचतो, म्हणून शाम्पू सांगितलाय त्याच्या निम्माच घ्या. आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही: १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो वजन. तळाला निचऱ्याचं बूच नसेल तर ते पिंप एकट्या माणसाला मोरीपर्यंत उचलून न्यावं लागतं.

कॉर्डलेस मशीनचं खरं वय बॅटरी ठरवते. हिशोब साधा आहे. बॅटरीवर २५.२ व्होल्ट आणि २५०० मिलीअँपिअर-तास लिहिलं असेल तर आत ६३ वॅट-तास आहेत. टर्बोवर मशीन ४०० वॅट खात असेल तर साडेनऊ मिनिटं चालणार. साध्या वेगावर १०० वॅट खात असेल तर ३८. जाहिरातीतली चाळीस मिनिटं ही दुसरी. गादीला मात्र लागतो टर्बो, आणि एक डबल बेड नीट करायला सात-आठ मिनिटं सहज जातात. लिथियमच्या बॅटरीची ताकद साधारण ३०० ते ५०० चार्जिंगनंतर जाणवण्याइतकी घटते. तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावली तर त्याहूनही लवकर, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तर ती गार होण्याची वाट नीट बघावी लागते. बॅटरी सुटी निघते का आणि वेगळी विकत मिळते का, एवढं विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. ती आत बंद केलेली असेल तर तीन वर्षांनी मशीनसकट टाकावी लागेल. ज्यांना वाकायला त्रास होतो किंवा ज्यांच्याकडे केर काढायला कुणी येत नाही, त्यांना मात्र हे मशीन खरंच उपयोगी; रोज काढून वापरलं जातं ते हेच.

आपोआप फिरणाऱ्या रोबो मशीनबद्दल थोडक्यात. तो केरसुणीचा पर्याय आहे, व्हॅक्यूमचा नाही. त्याच्या जाहिरातीत ५००० पास्कल असं घसघशीत लिहितात, ते ५ किलोपास्कल. दोन सेंटिमीटरपेक्षा उंच उंबरठा तो बहुधा ओलांडत नाही, दिवाणाखाली शिरायला साधारण दहा सेंटिमीटर मोकळी जागा लागते, आणि मोबाइलच्या चार्जरची वायर बऱ्याच मॉडेलना दिसत नाही. साध्या मॉडेलचा पोछा म्हणजे ओढत नेलेलं ओलं फडकं. सोफा-गाद्यांचं काम शिल्लकच राहतं.

घरी येऊन डेमो देणारी, पाण्यातून हवा गाळणारी महागडी मशिनंही असतात. त्यांचा ठरलेला प्रयोग असा: तुम्ही नुकत्याच साफ केलेल्या गादीवर आमचं मशीन फिरवतो, नळीत हे काळं कापड घालतो, बघा किती निघालं! निघणारच. गादीत माणसाच्या त्वचेचे कण वर्षानुवर्षं साठलेले असतात. कुठलंही मशीन दुसऱ्यांदा फिरवलं तरी आणखी काही निघतंच. त्यांचं झालं की तेच काळं कापड आपल्या जुन्या मशीनमध्ये घालून त्याच पट्ट्यावरून फिरवा, म्हणजे फरक किती लाखाचा आहे ते दिसेल. शिवाय प्रत्येक वेळी ते पाणी ताबडतोब ओतून भांडं वाळवावं लागतं. रात्रभर राहिलं तर सकाळी वासाने कळतं.

फिल्टरविषयी बाजारात फार गोंधळ आहे. हेपा हा फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याचा दर्जा आहे, कंपनीचं नाव नव्हे. युरोपीय मोजणीत एच १३ म्हणजे पकडायला सर्वांत अवघड आकाराच्या कणांपैकी ९९.९५ टक्के अडवणारा; अमेरिकी मोजणीत ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के. 'हेपा टाइप', 'हेपासारखा' या शब्दांना काही अर्थ नाही. पण मला फिल्टरपेक्षा महत्त्वाची वाटते ती त्याभोवतीची रबरी कड. धुळीतल्या किड्यांची विष्ठा, जिने शिंका आणि दमा सुरू होतो, साधारण १० ते ४० मायक्रॉनची असते. तिला बरी पिशवीही अडवते. ती निसटते कडेच्या फटीतून. तपासायला एक सोपी युक्ती: दहा मिनिटं मशीन चालवून फिल्टर काढा आणि त्याच्या मागच्या, मोटारच्या बाजूला पांढऱ्या कापसाचा बोळा फिरवा. राखाडी झाला तर हवा फिल्टरला वळसा घालून जातेय. धुता येणारा फिल्टर धुतल्यावर सावलीत पूर्ण चोवीस तास वाळवा, पावसाळ्यात अठ्ठेचाळीस. किंचित ओला बसवला तर बुरशीचा वास घरभर फिरतो आणि ओली धूळ जाळीत सिमेंटसारखी बसते. 'धुण्यायोग्य' असं स्पष्ट लिहिलं नसेल तर धुवू नका, नुसता हलके आपटा.

वीज हा मुद्दा घरी आल्यावर आठवतो. २३० व्होल्टवर १४०० वॅटचं मशीन सहा अँपिअरहून जास्त ओढतं, म्हणजे साध्या लहान सॉकेटची मर्यादा ओलांडते. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, आणि तो बहुतेक घरांत स्वयंपाकघर, बाथरूम आणि एसीजवळच असतो. तिथून हॉलमधल्या सोफ्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. वायर पाच मीटर, नळी दीड मीटर, पाइप एक मीटर असा हिशोब करून मगच मॉडेल ठरवा. एक्स्टेंशन घ्यावंच लागलं तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचं घ्या. टीव्हीसाठी आणलेला बोर्ड तापून वितळतो. मशीनच्या पोटातली वायर पिवळ्या खुणेपर्यंत पूर्ण बाहेर काढून वापरा, गुंडाळलेली वायर तापते. लाल खूण दिसली की आणखी ओढायची नाही. आणि अमेरिकेतल्या मुलांकडून येताना मशीन आणू नका. ते १२० व्होल्टचं असतं, आणि त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड. कॉर्डलेसचा चार्जर १०० ते २४० व्होल्टचा असला तर चालतं. चार्जरवरच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं.

जोडायच्या तोंडांपैकी तीन महत्त्वाची: चपटं फटीतलं, मऊ केसांचा गोल ब्रश, आणि सोफ्याचं छोटं आडवं. बाकीची खोक्यात राहतात. चपट्या तोंडाचं सगळ्यात मोलाचं काम सरकत्या खिडकीत आहे. ॲल्युमिनियमच्या चॅनेलला बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक खाचा असतात. वर्षभराची धूळ, कबुतराची पिसं, मेलेले डास यांचा थर तिथे बसतो आणि पहिल्या सरीला त्याचा चिखल होऊन खाच बुजते. मग जूनमध्ये पाणी खिडकीतून आत हॉलमध्ये येतं आणि आपण गवंड्याला बोलावतो. मे महिन्यात, सगळं कोरडं असताना, जुन्या टूथब्रशने थर सैल करायचा, मागोमाग चपटं तोंड फिरवायचं, शेवटी खाचेत झाडूचा हीर घालून ती आरपार आहे ना ते बघायचं. तोंड रुळांच्या मधे जात नसेल तर अर्ध्या इंची पाइपचा वीतभर तुकडा टेपने जोडता येतो, पण टेप लावताना थोडी फट मोकळी ठेवा. सगळी हवा तेवढ्याशा भोकातून ओढायला लावली तर मोटार तापते. कबुतरांची वाळलेली विष्ठा मात्र कधीही मशीनने ओढू नका. ती धूळ फुप्फुसांना वाईट. मास्क लावून, पाण्याने भिजवून, कागदाने उचलायची.

गादीला आधी ऊन, मग चादरी कडक गरम पाण्यात, मग मशीन. साठ अंश पाण्यात किडे मरतात; मशीन मुख्यतः त्यांची विष्ठा आणि त्यांचं खाणं काढून नेतं. धूळ सगळ्यात जास्त असते ती कडेच्या गोटाच्या शिवणीत आणि बटणांच्या खळग्यांत. वीतभर जागेला दोन-तीन सेकंद, असं हळू जा. कापसाच्या गादीचं कापड तोंडाला चिकटत असेल तर मुठीवरची सरकपट्टी थोडी उघडा, ओढ कमी होते. काम झाल्यावर ती बंद करायला विसरू नका. 'हल्ली मशीन ओढतच नाही' या तक्रारींतल्या कितीतरी या उघड्या राहिलेल्या पट्टीच्या असतात.

एसीच्या जाळीवर धूळ बसलेल्या बाजूनेच गोल ब्रश फिरवायचा. उलट बाजूने ओढलं तर धूळ जाळीत रुतते. पाण्याने धुताना मात्र उलट बाजूने.

रांगोळी, प्लास्टर ऑफ पॅरिस, भिंतीला ड्रिल मारल्यावरची पूड, सांडलेली कणीक: ही चार पिशवीची शत्रू. पिशवी उघडून बघितली तर पाव सुद्धा भरलेली नसते, पण आतून पिठासारखा पातळ लेप बसून तिची सगळी छिद्रं बुजलेली असतात. पिशवी 'अजून रिकामी आहे' म्हणून तशीच वापरत राहिलात तर मोटार तापून सुरक्षेचा कटआउट पडतो, आणि तासभर गार होईपर्यंत मशीन मुकं. रांगोळी आधी सुपलीने भरा, उरलेला पापुद्राच मशीनला द्या. धूपाची, होमाची राख वरून गार वाटली तरी आत निखारा असू शकतो. पिशवीत वारा मिळाला की तो फुलतो.

ओढ कमी झाली की दुरुस्तीवाल्याला फोन करण्याआधी तळहाताने तपासा. मशीन चालू करून आधी नळी काढून मशीनच्या तोंडावर हात ठेवा. मोटारचा आवाज चढला पाहिजे. हवा अडली की पंख्यावरचा भार कमी होतो आणि मोटार जोरात फिरते. चढला नाही तर गळती आतच आहे, झाकणाची रबरी कड किंवा फिल्टर बघा. चढला तर नळी जोडून तिच्या टोकावर हात ठेवा, मग पाइपच्या. ज्या टप्प्यावर आवाज चढायचा थांबतो, त्या भागात चीर आहे. बहुतेक वेळा नळी मुठीला जिथे जोडलेली असते तिथेच ती फाटते, कारण सगळा पीळ तिथे बसतो. तेवढं टोक कापून नळी पुन्हा पिळून बसवता येते. उलट हात न लावताच आवाज चढलेला असेल तर कुठेतरी बोळा अडकलाय. नळीतून गोटी सोडा. पलीकडे पडली नाही तर नळीतच. जळका वास, मोटारच्या जाळीतून ठिणग्या आणि मधेच थांबून पुन्हा सुरू होणं, ही तिन्ही लक्षणं मोटारमधले कार्बन, म्हणजे तिला वीज पोचवणारे छोटे ठोकळे, झिजल्याची. मोटार बदलायला सांगितलं तर आधी कार्बन बदलून द्या म्हणा. मिक्सर दुरुस्त करणारा माणूसही ते काम करतो.

दुकानात शेवटी दोन प्रश्न विचारा: या मॉडेलच्या पिशव्या तुमच्याकडे आत्ता शिल्लक आहेत का, आणि नळी सुटी मिळते का. 'मागवून देऊ' हे उत्तर नाही. मिळत असतील तर मशीनसोबतच दहा पिशव्या घेऊन ठेवा, कारण मॉडेल बंद झालं की आधी पिशव्या गायब होतात. आणि घरी आणल्यावर माळ्यावर टाकू नका, दाराआड नळी जोडूनच उभं ठेवा. माळ्यावर गेलेलं मशीन दिवाळीशिवाय खाली उतरत नाही.